१३५ एफ/२ : मृग नक्षत्रालाही आणि नवरीलाही?

शिरूर-दौंडकडे लग्नाचे फोटो काढणारी दोन-तीन पोरं गेल्या वर्षभरात मला एकच प्रश्न विचारत आहेत : "सॅमयांगची १३५ एफ/२ घेतली तर लग्नंपण होतील आणि आकाशपण होईल ना?" एका लेन्समागे अर्ध्या लग्नसराईची कमाई जाणार असेल तर उत्तर नीट द्यायला हवं. म्हणून ही लेन्स उसनी घेतली आणि दोन्ही कामांना जुंपली. आकाशासाठी मांडवगण फराट्याच्या बाजूचं एक शेत, माणसांसाठी दौंडमधलं एक मंगल कार्यालय. कॅमेरा साधा, क्रॉप सेन्सरचा, १८ मेगापिक्सेलचा. मुद्दाम तोच, कारण तुमच्यापैकी बहुतेकांकडे तोच असतो.

आधी 'एफ/२' म्हणजे काय ते बघू. १३५ भागिले २, म्हणजे प्रकाश आत घेणारं तोंड साडेसदुसष्ट मिलिमीटरचं. किटसोबत मिळणारी झूम १३५ वर एफ/५.६ देते. त्या तुलनेत इथे सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवर जवळजवळ आठपट प्रकाश पडतो. तेजोमेघासारख्या पसरट गोष्टीचं जे काम आठ तासांत व्हायचं, ते एका तासात होतं.

इथेच यूट्यूबवरचे बरेच परीक्षक घसरतात. "फास्ट लेन्स प्रकाश-प्रदूषण भेदते" असं ते सांगतात. नाही हो, भेदत नाही! कुरकुंभ एमआयडीसीचा उजेडही तितकाच आठपट आत येतो. पातेलं आठपट लवकर भरतं, पण पाण्याचा गढूळपणा तोच राहतो. मांडवगणला एका मिनिटाचं एक्स्पोजर निवांत चालतं. दौंड शहरात तेवढ्या वेळात फोटो धुवून पांढरा होतो. म्हणून लेन्सच्या आधी जागा बघा. शिरूर गावातून पश्चिमेला रांजणगाव आणि त्यामागे पुणे, म्हणजे ती बाजू गेलीच. दक्षिण त्यामानाने बरी. दौंडमधून नेमकी दक्षिणच कुरकुंभने खाल्लेली आहे.

आणि दक्षिण आपल्याला हवी असते. ज्येष्ठा ताऱ्याच्या भोवतीचा रंगीत धुळीचा प्रदेश या लेन्सच्या चौकटीत अगदी मापात बसतो. लंडनहून ज्येष्ठा क्षितिजावर जेमतेम १२ अंश वर येते, आपल्याकडे चांगली ४५ अंश. परदेशी परीक्षणांत हा फायदा दिसणार नाही. तोटाही दिसणार नाही : आपल्या अक्षांशामुळे ध्रुवतारा फक्त साडेअठरा-एकोणीस अंशांवर असतो. म्हणजे धुळीत, उसाच्या तुऱ्यांच्या मागे, कधी कुणाच्या गोठ्यावरच्या बल्बशेजारी. ट्रॅकर त्याच्याकडे लावल्याशिवाय मात्र सुटका नाही. कारण आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं आणि या लेन्स-कॅमेऱ्याचा एक पिक्सेल साडेसहा विकलांचा. अर्धा सेकंद होण्याआधीच तारा शेजारच्या पिक्सेलात जातो. नुसत्या ट्रायपॉडवर ही लेन्स लावणं म्हणजे बैलाविना नांगर.

ट्रॅकर असला तर मात्र लेन्स खरंच देखणं काम करते. एफ/२ वर मधले तारे टिपक्यासारखे येतात, आणि त्याबद्दल तिची जी कीर्ती आहे ती रास्त आहे. कोपऱ्यांत थोडी ओढाताण दिसते, एफ/२.८ ला ती बरीच जाते. पण आतली पाती मिटवली की ठळक ताऱ्यांना काटे फुटतात : पाती नऊ, काटे अठरा. ते नको असतील तर पाती उघडीच ठेवा आणि पुढे ४८ मिलिमीटरच्या आसपास भोक राहील अशी स्टेप-डाऊन रिंग लावा. एफ/२.८ च मिळतं, तारे गोल राहतात.

फोकस हाताने. रिंग लांब फिरते ही चांगली गोष्ट, पण तिला लॉक नाही ही वाईट. संध्याकाळी लावलेला फोकस पहाटेच्या गारठ्यात सरकतो, तेव्हा बाख्तिनोव मास्क लावून तासाला एकदा तपासा. भीमेकाठच्या पाणी दिलेल्या शेतात डिसेंबरात दव इतकं पडतं की पुढची काच तासाभरात आंधळी होते. पॉवर बँकेवर चालणारा हीटरचा पट्टा हवाच. आणि ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, तेव्हा एकट्याने जाऊ नका. हे लेन्सच्या परीक्षणात बसत नसलं तरी सांगतो.

मृगात काय दिसलं? मोठा तेजोमेघ झकास. पण त्याला वळसा घालणारी बर्नार्डची लाल कमान जवळजवळ नाहीच. हा दोष लेन्सचा नाही. हायड्रोजनचा तो लाल प्रकाश ६५६.३ नॅनोमीटरचा आणि साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर त्यातला बराचसा अडवतो. नवी लेन्स घेऊन ही कमान मिळणार नाही.

आता नवरी. क्रॉप कॅमेऱ्यावर अडीच मीटरवरून डोकं-खांदे चौकटीत येतात आणि एफ/२ वर स्पष्टतेची खोली उरते साधारण अडीच सेंटिमीटर. डोळा धारदार, कान विरघळलेला. मागचे लाइट, मांडवाची झालर सगळं लोण्यासारखं. बसलेल्या आजीचा फोटो असा आला की घरचे खूश झाले. पण नवरी हसते, मान वळवते, अक्षता चुकवते, आणि हाताने फोकस लावेपर्यंत क्षण गेलेला असतो. जोडप्याचा पायापर्यंतचा फोटो घ्यायला सुमारे १२ मीटर मागे जावं लागतं. दौंडच्या कार्यालयात त्या १२ मीटरांत निम्मं वऱ्हाड उभं असतं. लग्नासाठी ही लेन्स नको, हे माझं स्पष्ट मत. ऑटोफोकसवाली ८५ एफ/१.८ घ्या. १३५ च हवी तर कॅननची १९९६ पासूनची १३५ एफ/२ ऑटोफोकसची आहे, आणि सोनीवाल्यांसाठी सॅमयांगनेच २०२२ मध्ये ऑटोफोकसची एफ/१.८ काढली.

माझा या सगळ्यात रस कुठून आला? मी अतिअंधुक दीर्घिकांवर पीएचडी करतोय, आणि त्या विषयात बाजारातल्या लेन्सने मोठमोठ्या दुर्बिणींना मागे टाकलेलं आहे. व्हॅन डॉकम आणि अब्राहम या दोघांनी न्यू मेक्सिकोत कॅननच्या ४०० मिमी एफ/२.८ लेन्स एकत्र बांधून 'ड्रॅगनफ्लाय' उभी केली. सुरुवातीच्या आठ वाढत वाढत ४८ झाल्या. सगळ्या मिळून एक मीटर व्यासाइतका प्रकाश गोळा करतात. मोठ्या दुर्बिणीत मधे आरसा आडवा येतो, प्रकाश विखुरतो आणि अंधुक कडा त्यात बुडून जातात. लेन्समध्ये आडवं काहीच नसतं. शिवाय या लेन्सच्या काचांवरचा लेप चांगला. २०१५ मध्ये त्यांनी कोमा समूहात ४७ अतिविरळ दीर्घिका दाखवल्या, तिथे असं काही असेल याची कुणाला फारशी कल्पना नव्हती. हे प्रेक्षकांच्या जागेवरून खेळ पाहण्यासाठी बनलेल्या लेन्सचं काम, बरं का.

तर तुमच्याकडे ट्रॅकर आहे आणि महिन्यातून दोन अमावास्येच्या आसपासच्या रात्री मांडवगणकडे काढायची तयारी आहे, तर घ्या. जुनी घेत असाल तर पैसे देण्याआधी एक रात्र मागून घ्या. ठळक तारा आधी मधोमध, मग चारही कोपऱ्यांत ठेवून फोटो काढा. चारही कोपरे सारखेच ओढलेले दिसले तर चालेल. एकच कोपरा वेगळा दिसला तर आतली काच तिरकी बसली आहे, ती परत करा.