दमलेली बाई

थोर स्त्रियांच्या गोष्टी मी गेली वीस वर्षे वर्गात वाचून दाखवीत आले आहे. अमेरिकेची पाळी आली की रोझा पार्क्स हटकून येते. गोष्ट ठरलेली : १ डिसेंबर १९५५ ची संध्याकाळ, माँटगोमेरी शहर, दिवसभर शिवणकाम करून दमलेली एक साधीभोळी कृष्णवर्णीय बाई बसमध्ये बसते, गोऱ्या उतारूसाठी उठायला नकार देते, तिला अटक होते. मग ३८१ दिवसांचा बहिष्कार. मुले टाळ्या वाजवतात.

एकदा एका मुलीने विचारले, "बाई, ती दमली नसती तर उठली असती का हो?" मी गप्प झाले. त्या गोष्टीत या प्रश्नाला उत्तरच नव्हते.

खरी रोझा त्या वेळी बेचाळीस वर्षांची होती. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संस्थेच्या स्थानिक शाखेची ती १९४३ सालीच चिटणीस झाली होती. १९४४ मध्ये अत्याचार झालेल्या एका स्त्रीची हकीकत टिपून घ्यायला ती ॲबेव्हिलला गेली होती. अटकेपूर्वीच्याच उन्हाळ्यात टेनेसीतल्या हायलँडर शाळेच्या शिबिराला ती हजर होती. तिच्याआधी, २ मार्च १९५५ ला, त्याच शहरात क्लॉडेट कॉल्व्हिन ही पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी अशीच बसून राहिली आणि पकडली गेली. मुलांच्या गोष्टीतून नेमकी हीच मुलगी गळावी ना!

मीही कादंबऱ्या लिहिते. काटछाट केल्यावाचून गोष्ट उभी राहत नाही, हे मला मान्य आहे. पण या काटछाटीत तयारी गेली आणि थकवा राहिला. धैर्य म्हणजे एखाद्या संध्याकाळी अवचित घडणारा चमत्कार, असे मूल समजून बसते. मुलांना एवढे झेपत नाही, ही सबबही टिकत नाही. रोझाचे १९९२ चे आत्मचरित्र मुलांसाठीच आहे आणि त्यात तो थकवा अंगमेहनतीचा नव्हता, हे तिने स्वच्छ सांगितले आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला म्हटले, "दमली नसती तरी ती उठली नसती. त्या नकारामागे बारा वर्षांचे काम होते."

ती म्हणाली, "मग हे पुस्तकात का नाही?"

तो प्रश्न मी इथे, लिहिणाऱ्यांपुढे ठेवते.