वृद्धांचे कुपोषण कोणत्या मापाने मोजावे? : मावळच्या संदर्भात एका प्रश्नावलीची समीक्षा

प्रस्तावना

मूल खुरटले तर ते शेजाऱ्यालाही दिसते. आजी वाळत गेली तर ‘वय झाले’ एवढ्या दोन शब्दांत तो विषय संपतो. या वाळण्यामागे अपुरा आहार असतो, तशीच स्नायूंची झीजही असते. वयाबरोबर होणाऱ्या या झिजेला आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये ‘सार्कोपेनिया’ हे नाव दिले. ती व कुपोषण ओळखण्याची जी साधने आज प्रचलित आहेत, त्यांची कामशेत परिसरातील लोकजीवनाच्या संदर्भात समीक्षा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कामशेत ही नाणे मावळातील गावांची बाजारपेठ. अशाच गावांतून महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे भरतात आणि ज्येष्ठांची वजने घेतली जातात. म्हणून हा प्रश्न केवळ वैद्यकाचा राहत नाही.

वजन-उंचीची मर्यादा

शिबिरात सामान्यतः वजन व उंची यांवरून शरीरवस्तुमान निर्देशांक काढला जातो आणि १८.५ च्या खाली असलेली व्यक्ती कृश ठरते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या ‘लासी’ सर्वेक्षणात साठीच्या पुढील सुमारे २७ टक्के भारतीय या व्याख्येने कृश आढळले. परंतु हे मापच वार्धक्यात फसवे ठरते. ४० किलो वजनाच्या व १४८ सेंटिमीटर उंचीच्या वृद्धेचा निर्देशांक १८.३ येतो. तिची पाठ वाकून उंची १४३ भरली, तर वजन तेच असूनही तो १९.६ होतो. म्हणजे कंबर वाकली आणि आजी कागदावर ‘सुदृढ’ झाली.

शिवाय वजन म्हणजे स्नायू नव्हेत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडमधील जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. एकाच आकड्यामागे दोन भिन्न देह असू शकतात, याचा यापेक्षा बोलका पुरावा शोधावा लागू नये.

प्रश्नावलीचे वाचन

ही उणीव ओळखून सिद्ध झालेली ‘मिनी न्यूट्रिशनल असेसमेंट’ ही प्रश्नावली इव्ह गिगोझ, ब्रूनो व्हेला आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडली. १८ प्रश्न आणि ३० गुण, १७ पेक्षा कमी गुण म्हणजे कुपोषण, १७ ते २३.५ म्हणजे धोका, अशी तिची रचना आहे. आहार, हालचाल, आजार, मनःस्थिती व देहाची मापे यांचा एकत्र विचार हे तिचे निःसंशय श्रेय होय. तथापि प्रत्येक प्रश्नावली एखादे घर गृहीत धरते. या प्रश्नावलीने धरलेले घर युरोपातील आहे.

प्रथिनांचा प्रश्न पाहावा. रोज दुधाचा पदार्थ, आठवड्यातून दोनदा डाळ अथवा अंडी आणि रोज मांस वा मासे, अशा तीन होकारांना पूर्ण एक गुण मिळतो. माळकरी घरातील वृद्धेला डाळ-दूध भरपूर मिळाले तरी तिचा गुण अर्ध्यापुढे जात नाही. उलट पाण्यासारखी पातळ आमटी भाताबरोबर खाणारीलाही ‘डाळ’ या शब्दापोटी होकार मिळतो. एकच प्रश्न एकीवर अन्याय करतो आणि दुसरीची उपासमार झाकतो. दिवसाला तीन पूर्ण जेवणे अपेक्षिणाऱ्या प्रश्नातही चहा-भाकरी आणि दोन जेवणे हा येथील परिपाठ उणा ठरतो.

वजन घटल्याचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ज्या घरात वजनकाटाच नाही, तेथे ‘माहीत नाही’ हेच उत्तर येणार आणि तीनपैकी एकच गुण मिळणार. परंतु आजींना माहीत नसते असे मुळीच नाही. बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या का, पोलके सैल झाले का, आजोबांचा करदोटा ढिला पडला का, असे विचारले तर उत्तर तत्काळ मिळेल. दोष स्मरणाचा नसून प्रश्नाच्या भाषेचा आहे.

पोटरीची टेप

स्नायूंचा अंदाज घेण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे पोटरीचा घेर. येथेही मतभेद आहेत. उपरोक्त प्रश्नावली ३१ सेंटिमीटर ही सीमा मानते. आशियाई कार्यगटाच्या २०१९ च्या सूत्रांत संशयित रुग्ण शोधण्यासाठी पुरुषांना ३४ व स्त्रियांना ३३ पेक्षा कमी ही सीमा आहे. ३२ सेंटिमीटर पोटरीची वृद्धा एका मापाने निर्धोक, तर दुसऱ्याने संशयित ठरते. पायांवर सूज असेल तर दोन्ही मापे खोटी ठरतात. याच कार्यगटाने मुठीच्या पकडीसाठी पुरुषांना २८ आणि स्त्रियांना १८ किलो ही सीमा ठरविली. खुर्चीवरून पाच वेळा उठण्यास १२ सेकंद वा अधिक लागणे हेही दुर्बलतेचे लक्षण मानले. जन्मभर जमिनीवर बसलेल्या माणसाची खरी परीक्षा मात्र जमिनीवरून आधाराविना उठण्यात आहे. तिचा समावेश येथे नाही.

समारोप

या साधनांचा त्याग करावा, असे येथे सुचवावयाचे नाही. ती वाचून, तपासून वापरावीत, एवढाच आग्रह आहे. अंगणवाडीत बालकाच्या दंडाला टेप लागते; त्याच घरातील आजीच्या पोटरीला ती लागत नाही. शिंप्याकडची साधी टेप, मुठीची पकड मोजणारे उपकरण आणि मावळी बोलीत नीट घडविलेले प्रश्न एवढ्या सामग्रीवर महाविद्यालयाच्या आहारशास्त्र, समाजशास्त्र व मराठी या विभागांना एकत्र काम करता येईल. बांगडीचा प्रश्न आणि टेपचा आकडा कितपत जुळतात, हे तपासणे वैद्यकाइतकेच भाषेचेही संशोधन ठरेल. तोपर्यंत शिबिराच्या तक्त्यातील ‘सामान्य’ हा शेरा सावधपणे लिहावा. कारण त्या शेऱ्यानंतर आजीला पुन्हा कोणी काही विचारत नाही.