‘हॅरी पॉटर’चा दुसरा भाग : कुळ कीं करणी ?

एखादी कथा लोकप्रिय झाली म्हणजे तिचा उत्तरभाग निघतो, आणि बहुधा तो निराशा करतो. पहिल्या भागांत जें नवलाचें होतें तें दुसऱ्यांत ओळखीचें झालेलें असतें. मग लेखक राक्षस वाढवितो, शस्त्रें वाढवितो, परंतु नायक मात्र होता तेवढाच राहतो. जे. के. रोलिंग या आंग्ल लेखिकेच्या ‘हॅरी पॉटर’ मालेंतील दुसरें पुस्तक १९९८ सालीं प्रसिद्ध झालें. तें या दोषापासून बरेंच मुक्त आहे. ही माला मराठींतही उतरली असून कित्येक घरांतील मुलामुलींच्या हातीं आहे. तेव्हां वडील मंडळींनीं तिच्याकडे केवळ पोरखेळ म्हणून पाहणें बरें नव्हे.

पहिल्या पुस्तकांत (१९९७) एका पोरक्या मुलास आपण जादूगारांच्या कुळांतले आहों असें कळलें, आणि लंडनच्या गजबजलेल्या रेल्वे-स्टेशनाआड दुसरें एक जग आहे हें त्यानें पाहिलें. तेथें त्याचा प्रश्न होता, ‘मी कोण ?’ आतां बारा वर्षांच्या हॅरीपुढें त्याहून बिकट प्रश्न येतो : ‘मी वाईट तर नाहीं ना ?’ त्यास सर्पांची भाषा येते. शाळेंतील मुलें एकामागून एक दगडासारखीं निश्चेष्ट होऊन पडतात. सोबती त्याचाच संशय घेऊं लागतात. इतकेंच नव्हे, तर तो स्वतःही स्वतःविषयीं साशंक होतो. मुलांची वर्गवारी करणाऱ्या टोपीनें आपणांस स्लिदरिन या बदलौकिकाच्या तुकडींत घालण्याचा विचार केला होता, ही आठवण त्याच्या मनास डांचत राहते. अखेरीस मुख्याध्यापक डंबलडोर त्यास उमज पाडतात कीं, अंगच्या सामर्थ्यापेक्षां माणसानें काय पत्करलें यावरूनच त्याची खरी ओळख पटते. नायकाची ही वाढ खरी आहे. कारण ती संशयाच्या आंचेंतून निघाली आहे.

या वाढीमागचा विषय आम्हां मराठी वाचकांस परका नाहीं. शुद्ध रक्ताचा अभिमान बाळगणारीं कांहीं जादूगार कुटुंबें, सामान्य आईबापांच्या पोटीं आलेल्या हर्मायनीस अशुद्ध रक्ताची म्हणून हिणवितात. ती वर्गांत सर्वांत हुशार. तरी जन्म आड येतो. आणि या शुद्धतेचा सर्वांत कडवा पुरस्कर्ता टॉम रिडल, याचा बाप जादूगार नव्हताच ! येथें लेखिकेनें अचूक वर्मावर बोट ठेविलें आहे.

आम्हीं हें पुस्तक सेनगांवीं वाचलें, आणि याच हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथाची कथा आठवल्यावांचून राहिली नाहीं. येथील नरसी हें परंपरेनें संत नामदेवांचें जन्मगांव. शिंप्याच्या कुळांतील या भक्तास कीर्तन करतांना देवळासमोरून उठवून मागील बाजूस धाडलें, तेव्हां देऊळच त्याच्याकडे फिरलें, अशी आख्यायिका आहे. तेथील नंदी देवळाच्या पाठीशीं कां, याचें कारण लोक हेंच सांगतात. त्या कथेंतील अद्भुत करमणुकीपुरतें नाहीं. जन्मावरून माणूस तोलणाऱ्यांविरुद्ध दिलेला तो निवाडा आहे. रोलिंगबाईंच्या अद्भुतासही असेंच काम आहे, म्हणून तें प्रौढांनींही वाचण्याजोगें झालें आहे.

परंतु या तुलनेंतच पुस्तकाचें उणेंही दिसून येतें. आख्यायिकेंत ज्याचा अपमान झाला त्याच्याकडेच देऊळ वळतें. येथें जिचा अपमान झाला ती हर्मायनी महासर्पाचें रहस्य उकलते, आणि निर्णायक वेळीं दगड होऊन पडून राहते. खड्ग हॅरीच्या हातीं, आणि बोलही त्याचेच. डॉबी नांवाचा दास हॅरीच्या युक्तीनें, एका मोज्याच्या निमित्तानें मुक्त होतो. प्रसंग गोड आहे खरा. पण डॉबीसारख्या इतर दासांचें काय, याकडे हॅरीचें लक्ष जात नाहीं. हर्मायनी तो प्रश्न हातीं घेते, पण चौथ्या भागांत, म्हणजे २००० सालच्या पुस्तकांत. नायकाच्या वाढीसाठीं नायिकेस इतकें थांबावें लागलें, हें आम्हांस खटकतें.

तथापि हें पुस्तक मुलांच्या हातीं देण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. मात्र तें वाचून झाल्यावर सर्प कसा मेला एवढेंच वडिलांनीं विचारूं नये. हर्मायनी त्या वेळीं जागी असती तर काय बोलली असती, हेंही मुलांस विचारावें, आणि त्यांचें उत्तर नीट ऐकून घ्यावें.