वसईच्या सेंट जोसेफ चर्चचा काल व नांव

नळदुर्गच्या बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटांत जो पाणीमहाल आहे, त्यांतील फारसी शिलालेखावरून तें काम दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दींतील, इ. स. १६१३ चें ठरतें. तेथें लेखाचा व बांधकामाचा काल एकच असल्यानें वादास जागा नाहीं. परंतु प्रत्येक वास्तूवरील लेख याच न्यायानें वाचूं गेल्यास घोटाळा होतो. वसईच्या किल्ल्यांतील सेंट जोसेफ चर्चचा पोर्तुगीज लेख नळदुर्गच्या लेखाहून अवघ्या बारा वर्षांनीं जुना. त्याचाच येथें विचार करूं.

गोव्याचे आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस व स्थानिक विगार पेद्रो गाल्वांव परेरा यांच्या अमदानींत, सन १६०१ मध्यें, ही ‘मात्रीझ’ नवी करण्यांत आली, असा या लेखाचा आशय आहे. त्यांतील क्रियापद ‘रेफोर्मोऊ’ हें होय. त्याचा अर्थ ‘सुधारली, नवी केली’ असा. ‘बांधली’ असा नव्हे. वसई पोर्तुगीजांकडे १५३४ सालीं आली आणि राजा तिसरा जुआंव याची या चर्चच्या उभारणीविषयींची आज्ञा १५४६ ची आहे. म्हणजे लेख कोरला गेला, तेव्हां त्या आज्ञेस अर्धशतक उलटून गेलें होतें. सबब १६०१ हें जीर्णोद्धाराचें साल होय; स्थापनेचें मानतां येणार नाहीं.

दुसरा मुद्दा नांवाचा. या वास्तूस ‘कॅथेड्रल’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तो आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. कॅथेड्रल म्हणजे बिशपच्या पीठाचें चर्च. पोर्तुगीज अमलांत वसईस स्वतंत्र बिशप नव्हता. वसईचा निराळा धर्मप्रांत झाला तो १९९८ सालीं. ‘मात्रीझ’ म्हणजे गांवचें मुख्य पॅरिश चर्च. लेखानें दिलेलें हें नांव सोडून थोरवीसाठीं दुसरें लावण्याचें कारण नाहीं.

मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसई घेतली. आज छप्पर नाहीं. तथापि दर्शनी बाजूचा उंच बुरूज व त्यामागील लांबट सभागृहाच्या भिंती उभ्या आहेत. त्यांपैकीं मूळचा भाग किती व जीर्णोद्धाराचा किती, हें लेख सांगत नाहीं; त्यासाठीं भिंतींचे सांधे, दगडांची घडण व चुना हींच तपासलीं पाहिजेत. नुसत्या आंकड्यावरून सगळ्या भिंती १६०१ च्या ठरविल्यास अर्धशतकाचा इतिहास पुसला जाईल. लेखांचे ठसे घेणाऱ्यांनीं साल टिपण्यापूर्वीं क्रियापद वाचावें, एवढीच आमची सूचना आहे.