सोंचिनो घराण्याची ग्रंथसेवा

वाङ्मयाचा इतिहास लिहितांना ग्रंथकारांचा परामर्श सविस्तर घेतला जातो. मुद्रक मात्र केवळ कारागीर म्हणून उपेक्षिला जातो. ही दृष्टि किती अपुरी आहे, हें सोंचिनो या यहुदी मुद्रकघराण्याच्या इतिहासावरून कळून येतें.

हें घराणें मूळचें जर्मनींतील; उत्तर इटलींतील सोंचिनो या गांवावरून त्यास हें नांव पडलें. इझ्राएल नाथान या वैद्याचा पुत्र यहोशुआ यानें इ. स. १४८४ च्या सुमारास तालमुदाचा एक भाग छापला, आणि १४८८ मध्यें संपूर्ण हिब्रू बायबल प्रथमच या घराण्यानें मुद्रित केलें.

परंतु आमच्या मतें या घराण्याचें खरें कर्तृत्व पृष्ठाच्या रचनेंत आहे. मध्यभागीं मोठ्या टाइपांत मूळ, आंतल्या बाजूस राशी या अकराव्या शतकांतील पंडिताचें भाष्य, आणि बाहेरच्या बाजूस त्याच्या नातवांनीं व शिष्यपरंपरेनें केलेलें विवेचन. आपल्या त्रिपाठी पोथ्यांतही मूळ मध्यें व टीका वरखालीं असते, हें वाचकांस ठाऊक आहेच. कोणतें भाष्य मुळाच्या शेजारीं बसवावयाचें, हा निर्णय वस्तुतः टीकाकाराचा. तो येथें मुद्रकानें घेतला, आणि पुढील पिढ्यांचें अध्ययन त्याच चौकटींत झालें.

यहोशुआचा पुतण्या गेर्शोम हा या कुळांतील सर्वांत मोठा पुरुष. हस्तलिखितांच्या शोधार्थ तो फ्रान्सपर्यंत हिंडला. ब्रेशिया येथें १४९४ मध्यें त्यानें छापलेलें लहान आकाराचें बायबल ल्यूथरनें भाषांतरासाठीं वापरलें. १५०३ मध्यें फानो येथें त्यानें इटालियन कवि पेत्रार्क याची कविताही छापली. पुढें व्हेनिसच्या बाँबर्ग या ख्रिस्ती मुद्रकानें १५२० ते १५२३ या काळांत संपूर्ण तालमुद प्रसिद्ध केला, तो याच पृष्ठरचनेनें. त्यानें आपल्या ग्रंथांची नक्कल केली, अशी गेर्शोमची तक्रार होती. ती निराधार नव्हे. तथापि संपूर्ण तालमुद सिद्धीस नेण्याचें श्रेय बाँबर्गचेंच, हेंही न्यायबुद्धीनें मान्य केलें पाहिजे. गेर्शोमच्या हातून त्याचे सुटे भागच छापले गेले.

इटलींत गांवोगांव छापखाना हलवून अखेरीस गेर्शोमनें तुर्की साम्राज्याचा आश्रय घेतला. १५३४ मध्यें तो कॉन्स्टँटिनोपल येथें वारला. १५५३ मध्यें रोममध्यें तालमुदाच्या प्रती जाळण्यांत आल्या. पण १८८० ते १८८६ मध्यें व्हिल्ना येथें रोम घराण्यानें छापलेल्या सुप्रसिद्ध आवृत्तींतही मूळ मध्यें व भाष्यें दोहों बाजूंस, हीच रचना कायम आहे. मुद्रकाची योग्यता मोजावयाची ती अशा प्रभावावरून, असें आम्हांस वाटतें.