तीस मिलीमीटरचे ऐश्वर्य

जुन्या स्विस घड्याळांचा संग्रह करावा असे ज्याच्या मनात येते, त्याच्या हाती बहुधा पहिल्यांदा एक यादी ठेवली जाते: अमुक नाव हवेच, तमुक मॉडेल सुटता कामा नये, सोन्याचे मिळाले तर उत्तमच. माझा आग्रह निराळा आहे. आरंभी एकच घड्याळ घ्यावे, पोलादी घ्यावे, साध्या तीन काट्यांचे घ्यावे. आणि दुसऱ्याचा विचार मनात डोकावण्यापूर्वी त्याचे अंगप्रत्यंग डोळ्यांनी पाठ करावे. त्यासाठी मी ओमेगाचे १९४० च्या दशकातले, सहाच्या जागी सेकंदाचे छोटे वर्तुळ मिरवणारे आणि ‘३० टी २’ अशा अगदी रुक्ष नावाचे यंत्र पोटात वागवणारे घड्याळ सुचवीन. हे यंत्र १९३९ साली आले, १९६३ पर्यंत त्याच्या नाना आवृत्त्या निघत राहिल्या, आणि सगळ्या मिळून सुमारे तीस लाख यंत्रे तयार झाली. म्हणजे दुर्मीळतेचा दिमाख येथे नाही. तो नसलेलाच बरा, कारण जे विपुल आहे तेच दहा ठिकाणी पाहता येते, एकाशेजारी एक ठेवून ताडता येते, आणि ताडून पाहिल्याशिवाय नजर पिकत नाही.

तर घड्याळजी डोळ्याला लावतात तसले भिंग आपणही लावू, आणि तबकडीपासून सुरुवात करू. दुरून ती नुसती रुपेरी वाटते. जवळ जावे तसा तिचा वर्ण उलगडत जातो: कडेला किंचित पिवळट, मध्यभागी फिकट, कुठे वार्निशाखाली वयाचा एखादा करडा ठिपका. मग अक्षरे पाहावीत. कोरलेल्या धातूच्या पट्टीत शाई भरून, ती मऊ गादीवर उचलून, त्या गादीने हलकेच तबकडीवर ठसा उमटवायचा, ही तेव्हाची छपाईची रीत. म्हणून भिंगाखाली मूळ अक्षर पृष्ठभागावर किंचित उठून बसलेले दिसते, त्याच्या टोकांची निमुळती वळणे शाबूत असतात, मिनिटांच्या रेघा आपापल्या वर्तुळाला नेमक्या टेकून थांबतात. एकही रेघ ओलांडून जात नाही. आणि सहाच्या जागचे ते छोटे वर्तुळ! त्याच्या तळाशी डोळ्याला सहज न दिसणाऱ्या समकेंद्री रेघांचे दाट आवर्तन कोरलेले असते, आणि मनगट जरा कलले की त्या रेघांवरून प्रकाशाच्या दोन समोरासमोरच्या पाकळ्या गोल फिरतात. सेकंदाचा काटा आपल्या चालीने चालला आहे, आणि त्याच्याखाली उजेड मात्र आपल्या हाताच्या चालीने फिरतो आहे, असा हा दुहेरी विलास केवढ्या जागेत, तर बोटाच्या नखाहून लहान!

काट्यांचा निळा रंग हे या घड्याळाचे दुसरे वैभव. तो लावलेला रंग नव्हे, हे कळते तेव्हा त्याच्याकडे पाहण्याची तऱ्हाच बदलते. पोलादाचा काटा हळूहळू तापवत नेला की आधी गवती पिवळा होतो, मग तपकिरी, मग जांभळा, आणि तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास पोचताच गर्द निळा. तेथेच आच काढून घ्यावी लागते. क्षणभर अधिक थांबले तर निळाई फिकटते आणि राखाडीकडे झुकते. पोलादाच्या पृष्ठावर धरलेल्या ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यात प्रकाश खेळतो, त्यातून हा वर्ण उपजतो. त्यामुळे एका कोनातून काटा काळा दिसतो आणि दुसऱ्यातून अचानक निळा पेटून उठतो. तिन्ही काट्यांची निळाई एकसारखी असेल तर ते जन्मापासूनचे सोबती असण्याचा संभव मोठा. तिन्ही काटे तीन छटांचे दिसले, तर मध्ये कोणीतरी जोडाजोड केली आहे, एवढे ओळखावे.

डब्याकडे लोक लक्ष देत नाहीत, किंवा चुकीचे लक्ष देतात: चकचकीत आहे ना, एवढेच पाहतात. वास्तविक पट्टा अडकवण्याची जी चार टोके असतात, त्यांच्या कडा हाताच्या बोटाला कशा लागतात, यावर सारे आहे. कारखान्यातून निघालेल्या डब्याच्या प्रतलांना निश्चित सीमा असतात. वरचा उतार कोठे संपला आणि बाजूची भिंत कोठे सुरू झाली ते स्पर्शानेही कळते. दुकानात बफ मारून घेतलेल्या डब्यात मात्र या सीमा वितळून जातात. ओरखडे जातात हे खरे, पण त्यांच्याबरोबर रेखाही जाते, आणि गेलेले पोलाद परत येत नाही. मी तर म्हणेन, ओरखडे असलेलेच घ्यावे. मागचे झाकण उघडल्यावर आतल्या अंगाला ‘असिए स्टेब्राइट’ अशी मुद्रा कधी कधी आढळते, ती त्या काळच्या न गंजणाऱ्या पोलादाची खूण; आणि तिच्या आसपास सुईच्या टोकाने ओरखडलेले बारीक आकडे. ते कोणा कोणा घड्याळजींनी साफसफाई केल्यावर आपल्या आठवणीसाठी टिपलेले असतात. आजवर किती हातांनी या घड्याळाची निगा राखली याची ती अबोल वही.

आता यंत्र, घड्याळजींच्या भाषेत मशीन. झाकण निघताच तांबूस गुलाबी झळाळी समोर येते, आणि नवख्या माणसाच्या तोंडून हमखास निघतो तो प्रश्न असा की, जे कोणी पाहणारच नव्हते ते इतके देखणे का केले? त्या झळाळीचे उत्तर मला देता येणार नाही, पण मांडणीचे देता येईल. तीस मिलीमीटरचा व्यास हा काही सहज सुचलेला आकडा नव्हे. वेधशाळांच्या अचूकतेच्या स्पर्धांत मनगटी यंत्रांसाठी हीच मर्यादा असे. ऑन्री क्नॉय्स यांच्या या आराखड्यात ती सारी जागा दोघांनीच प्रामुख्याने वाटून घेतली आहे. एकीकडे मुख्य कमानीचे प्रशस्त पिंप, म्हणजे शक्तीचा साठा. दुसरीकडे यंत्राच्या मानाने भरघोस मोठे बॅलन्सचे चाक, म्हणजे लय सांभाळणारा. चाक मोठे तेवढी त्याची जडता अधिक, आणि जडता अधिक तेवढा मनगटाच्या हिसक्यांचा परिणाम कमी. उरलेली चाके त्यांच्यामध्ये दाटीवाटीने न बसता सुटसुटीत बसली आहेत. अलंकरण म्हणाल तर जवळपास नाहीच. येथे सौंदर्य प्रमाणांतून आले आहे, आणि म्हणूनच ते पाहून संपत नाही.

बॅलन्स तासाला १८,००० वेळा झुलते, म्हणजे सेकंदाला पाच ठोके. वर्षाकाठी हा हिशेब साडेपंधरा कोटींच्या वर जातो. त्या चाकाच्या आसाची टोके सुमारे एकदशांश मिलीमीटर जाडीची, आणि ती टेकतात माणकांवर. मूळचा स्वित्झर्लंडचा गणिती फातिओ द दुइये याने १७०४ साली लंडनमध्ये माणकाला भोक पाडून ते आसाला वापरण्याचे एकस्व मिळवले. १९०२ मध्ये फ्रान्सच्या ओग्यूस्त व्हेर्नॉय्यने कृत्रिम माणकाची रीत जाहीर केली आणि राजेरजवाड्यांचे रत्न मध्यमवर्गीयांच्या मनगटावर आले. आपल्याकडची वडीलधारी मंडळी ‘सतरा ज्वेल’ हे शब्द ज्या अभिमानाने उच्चारत, त्यामागे हा इतिहास होता, जरी त्या सतरा माणकांची किंमत बाजारात काहीच नसे. केसाहून बारीक अशी जी कमान बॅलन्सला मागे खेचते, तिची कथा आणखी वेधक. पोलाद तापले की तिची ताकद बदलते आणि घड्याळ मागे पडते. या दुखण्यावर निकेल आणि पोलादाच्या मिश्रधातूंचा उपाय शोधणारे शार्ल एदुआर गियोम हे फ्ल्युरिए या घड्याळांच्या गावात घड्याळजींच्या घराण्यात जन्मले, आणि त्यांना १९२० चे पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. एक घराणे आपल्या धंद्यातली अडचण सोडवायला जाते आणि स्टॉकहोमपर्यंत पोचते, असे क्वचितच घडते.

येथून नजर आपोआप ज्युरा पर्वताच्या त्या गावांकडे वळते. लुई ब्रांट या तेवीस वर्षांच्या तरुणाने १८४८ मध्ये जेथे खिशातली घड्याळे जुळवायला प्रारंभ केला, ते ला शो-द-फों समुद्रसपाटीपासून हजार मीटरवर वसलेले. १७९४ च्या आगीत ते गाव जळाले, आणि पुढे ते समांतर रस्त्यांचे वाढले, घराघरांतल्या कामाच्या टेबलावर उजेड पडावा अशा हिशेबाने. कार्ल मार्क्सला ते सबंध गावच एक कारखाना वाटले होते, आणि चंदीगडचा आराखडा करणारा ल कॉर्ब्युझिए याच गावचा. त्याचे पहिले शिक्षण घड्याळाच्या डब्यांवर नक्षी कोरण्याचे. (चंदीगडच्या सरळ चौकटी पाहताना मला हे उगीचच आठवते.) ब्रांटची मुले १८८० मध्ये बील या शहरात गेली, आणि १८९४ च्या एका यशस्वी यंत्राने कंपनीला ओमेगा हे नाव दिले.

१९६९ च्या डिसेंबरात जपानमधून क्वार्ट्झचे घड्याळ बाजारात आले. स्वित्झर्लंडच्या या धंद्यात १९७० च्या सुमाराला नव्वद हजारांच्या घरात माणसे होती. क्वार्ट्झच्या तडाख्यात ऐंशीच्या दशकाच्या मध्याला त्यांची एक तृतीयांश उरली. त्यांच्या हातची घड्याळे मग खणांत, पेट्यांत, जुन्या बाजारांत गेली, आणि म्हणूनच आज ती आपल्याला मिळतात.

त्यातली पुष्कळ आपल्याकडेच आहेत. फाव्र-ल्युबा या स्विस घड्याळ कंपनीचे लोक १८६५ पासून हिंदुस्थानात व्यापार करत होते, वेस्ट एंड वॉच कंपनी तर १८८६ मध्ये मुंबईतच उभी राहिली. पण मुंबईचे नाव जगभरच्या संग्राहकांत दुसऱ्याच कारणाने गाजते. भडक रंगांत तबकडी नव्याने रंगवलेले, तीन घड्याळांचे अवयव एका डब्यात कोंबलेले जे घड्याळ इंटरनेटवर स्वस्तात दिसते, त्याला ते ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. ऐकून मला थोडा राग येतो आणि थोडे हसू, कारण ती जोडाजोड करणाऱ्याचे कसबही कमी नसते. तरी संग्रहात ते घेऊ नये. ओळखण्याची साधने आता आपल्याजवळ आहेतच: जाड फुगलेली अक्षरे, वर्तुळ ओलांडणाऱ्या रेघा, आणि रंगाखाली बुजून गेलेले ते छोट्या वर्तुळातले आवर्तन. यंत्रावर कोरलेला अनुक्रमांकही वाचावा. तो एक कोटीच्या आसपास असेल तर यंत्र १९४० च्या दशकाच्या मध्याचे; तबकडीची ढब साठच्या दशकातली असेल, तर दोघांची ओळख अलीकडची आहे. घड्याळाच्या आधी चांगला घड्याळजी शोधून ठेवावा, हे सांगायला नकोच. अंधारात चमकणारे आकडे असतील तर ते रेडियमचे असू शकतात. असा डबा घरी उघडू नये.

आणि दुसरे घड्याळ? मी दुसऱ्या नावाकडे न जाता याच कुळातला भाऊ घेईन: ‘३० टी २ एससी’, ज्यात सेकंदाचा काटा मधोमध आला आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातल्या मंडळींनी हे यंत्र मनगटावर बांधले. जुना आराखडा न मोडता काटा मध्यावर आणायचा कसा, याचे उत्तर मोठे चतुर आहे. तिसऱ्या चाकाचा आस वर काढून त्यावर एक जादा चाक बसवले, आणि त्या चाकाने मध्यावरच्या चिमुकल्या दाताळ आसाला फिरवायचे. पण हा आस मुख्य शक्तीच्या वाटेबाहेर पडतो, त्याच्यावर भार नसतो, म्हणून काटा लडखडत राहील. ते होऊ नये यासाठी पात्यासारखी एक नाजूक कमान त्याला हलकेच दाबून धरते. घेण्यापूर्वी भिंग लावून सेकंदकाटा सबंध एक फेरी पाहावा. तो अडखळत, थरथरत जात असेल तर ती कमान ढिली पडली आहे. काटा सुरेख चालतो पण बॅलन्स मंद झुलते असे दिसले, तर ती फार आवळली असण्याचा संशय घ्यावा. दोन्ही गोष्टी दुरुस्त होतात. तेवढे पैसे भावातून कमी करून मागावेत.