‘द्रौपदी’चा पण

पाडव्याला द्यूतप्रतिपदा असेही म्हणतात. तेव्हा पत्ते पिसता पिसता खाडिलकरांचे ‘द्रौपदी’ आठवावे. धर्मराज भाऊ हरला, मग स्वतःला आणि शेवटी पत्नीला. आधीच दास झालेल्याला मला पणाला लावण्याचा अधिकार कोणता, हा द्रौपदीचा प्रश्न भीष्मांनाही सुटला नाही. मला विचाराल तर नाटकाचा सारा जीव या प्रश्नात आहे. त्याला मयसभा लागत नाही. पण १९२० साली गंधर्व नाटक मंडळीने मयसभेच्या देखाव्यावरच अफाट पैसा ओतला, आणि मंडळी कर्जात रुतली. महाभारतात द्रौपदीने वर मागून पतींना दास्यातून सोडवले. इथेही द्रौपदी झालेल्या बालगंधर्वांनीच ते कर्ज शिरावर घेतले आणि वर्षानुवर्षे नाटके करून फेडले.